जाऊबाईंचा फोरम वरपित्याकडे गेला

माझ्या थोरल्या जाऊबाई शिलाई मशीनच्या सुट्या भागांच्या दुकानात काउंटरला असतात. दुकान त्यांच्या वडिलांचं होतं, आता भावाचं आहे, पण गिऱ्हाईक येतं ते जाऊबाईंना विचारायला. मागे छतापर्यंत बारक्या खणांची भिंत, आणि पुढे चष्मा नाकाच्या शेंड्यावर घेऊन जाऊबाई. "मशीन चालत नाही हो," असं कुणी म्हटलं की त्या वरसुद्धा न बघता विचारतात, "सुई शेवटची कधी बदललीत?" बहुतेकांनी ती बदललेलीच नसते. काहींना ती बदलायची असते हेच ठाऊक नसतं.

तेच तेच सांगून त्यांचा घसा बसायला लागला. तेव्हा आईचं मशीन घेऊन आलेल्या एका इंजिनिअरनं त्यांना इंटरनेटवर एक फोरम काढून दिला. कुणीही नाव नोंदवावं, प्रश्न विचारावा, ज्याला येत असेल त्यानं उत्तर द्यावं, अशी जागा. नाव ठेवलं 'टाका'. शिवणीतला टाका. पहिल्याच आठवड्यात कुणीतरी विचारलं, "काय टाकू?" जाऊबाईंनी लिहिलं, "प्रश्न टाका. कचरा टाकू नका." इंजिनिअर पुढे कुठल्या कुठे गेला, पण फोरम मात्र चालत राहिला. दिवसा दुकान, संध्याकाळी फोरम, असं वीस-बावीस वर्षं.

मी घरात धाकटी. लग्न होऊन आले तेव्हा मला वाटलं होतं, या बाई रोज संध्याकाळी कॉम्प्युटरला काय चिकटून बसतात. थोरले भावजी म्हणाले, "तिला दोन संसार आहेत. आपण दुसरे." पुढे मीही फोरम वाचायला लागले आणि मग कळलं. त्यात 'टेन्शन' नावाचा एक विषय होता. तो मुळात दोऱ्याच्या ताणाबद्दल. दोरा किती आवळायचा, किती सैल सोडायचा. पण कुणीतरी तिथं मुलाच्या परीक्षेचं टेन्शन लिहिलं, दुसरीनं सुनेचं लिहिलं, तिसऱ्यानं गुडघ्याचं. आज फोरमवरचा सगळ्यात मोठा विषय तोच आहे. त्याखालोखाल 'सुप्रभात'. त्यात लोक रोज सकाळी सुप्रभात म्हणतात आणि निघून जातात.

हे सगळं बिऱ्हाड एका होस्टिंगवाल्याच्या, म्हणजे साइट भाड्यानं ठेवून घेणाऱ्याच्या, यंत्रावर राहत होतं. त्याची एक दिवस ईमेल आली, की धंदा बंद करतोय, आपापलं सामान हलवा. जाऊबाईंनी मला बरोबर घेतलं आणि सरळ त्याच्याकडे गेल्या. चष्म्याच्या दुकानामागे त्याची एक खोली होती. लोखंडी कपाटात दहा-बारा काळी यंत्रं, आणि त्यांच्यावर रोखलेला एक टेबलफॅन.

"यातलं आमचं कुठलं?" जाऊबाईंनी विचारलं.

होस्टिंगवाल्यानं डोकं खाजवलं. "हे असावं. नाहीतर खालचं. एकेक बंद करून बघितलं की लगेच कळेल."

"माणूस जिवंत आहे का बघायला नाक दाबू नका," जाऊबाई म्हणाल्या, आणि पदराआडून फडकं काढून त्यांनी दोन्ही यंत्रं पुसली. इतक्या वर्षांत गिऱ्हाईक पहिल्यांदाच आत आलं होतं, त्यामुळे बसा म्हणावं की नको, हे होस्टिंगवाल्याला सुचत नव्हतं.

मग नवं होस्टिंग घेतलं आणि सगळं तिकडे हलवायला एक माणूस शोधला. हा अंगानं काडीसारखा, बोलायला मऊ, आणि जुन्या साइट नव्या जागी नेऊन देतो असं त्यानं सांगितल्यामुळे भावजींनी त्याचं नाव ठेवलं हमाल. ते त्याच्या कानावर गेलं. तो म्हणाला, "चालेल. बरोबरच आहे."

हमालानं सगळं तपासलं आणि सांगितलं, "काकू, यातलं ऐंशी टक्के बिनकामाचं आहे. सुप्रभात उडवू. टेन्शनमधलं मशीनचं तेवढं ठेवू, बाकी काढू."

"कुठलं मशीनचं आणि कुठलं बाकी, ते ओळखता येईल तुम्हाला?"

त्यानं एक वाचून दाखवलं. "लिहिलंय, 'फार आवळून धरलं की तुटतं, सोडून दिलं की गुंता होतो, काय करू?' हे दोऱ्याचं."

"ते तिच्या नवऱ्याचं आहे," जाऊबाई म्हणाल्या. "काही काढायचं नाही. घर बदलताना अडगळ टाकतात, माणसं टाकत नाहीत."

फोरमवर त्यांनी जाहीर केलं, 'आपण हलतोय'. खाली उत्तरांचा पाऊस पडला. एकानं विचारलं, नवी जागा आम्हाला लांब पडेल का. एकीला तिथला शेजार कसा आहे हे हवं होतं. एका गृहस्थांनी लिहिलं, मी कुठेही येणार नाही, मी इथेच राहीन, मला या वयात दगदग झेपत नाही. त्यांना समजावण्यात जाऊबाईंचे तीन दिवस गेले. शेवटी 'तुम्ही नुसते बसून राहा, तुम्हाला उचलून नेतो' असं लिहिलं तेव्हा ते तयार झाले.

निघायच्या आदल्या दिवशी हमालानं पुन्हा विचारलं, "काहीच काढायचं नाही? हे बघा, सगळ्यात पहिलं खातं आहे 'चाचणी' नावाचं. तुमच्या त्या इंजिनिअरनं करून बघायला काढलं असणार. हे तरी काढू?"

एवढा वेळ प्रत्येक गोष्टीला नाही म्हटलेलं. माणूस बिचारा मान खाली घालून काम करतोय. जाऊबाईंना त्याचं मन मोडवेना. "काढा," त्या म्हणाल्या.

तिथेच घोळ झाला. हमालानं नंतर मला समजावून सांगितलं ते असं. फोरमला नावं कळत नाहीत, नंबर कळतात. चाचणी एक नंबर, जाऊबाई दोन, मग तीन, चार. एक नंबर काढल्यावर नव्या जागी सगळ्यांना पुन्हा पहिल्यापासून नंबर पडले आणि सगळे एकेक खुर्ची पुढे सरकले. पण त्यांनी लिहिलेलं मात्र जुन्याच नंबरावर राहिलं. म्हणजे प्रत्येकाचं आयुष्यभराचं बोलणं त्याच्या मागच्या माणसाच्या तोंडी गेलं.

सकाळी फोरम उघडला तो असा. 'पोलादी सुई' नावाचे एक फार मोठे जाणकार होते. गिरणीतून निवृत्त झालेले, कुणाची गय न करणारे. त्यांच्या नावावर आता काही हजार वेळा फक्त 'सुप्रभात' होतं. आणि त्यांचं सगळं ज्ञान गेलं होतं 'कच्चा दोरा' या बाईंच्या नावावर. या बाई इतक्या भिडस्त, की प्रश्न विचारायच्या आधी माफी मागायच्या आणि उत्तर मिळाल्यावरही मागायच्या.

जाऊबाईंनी स्वतःचं नाव शोधलं. मी शेजारी उभी होते. त्यांच्या नावाखाली एवढंच निघालं: 'चाचणी.' 'चाचणी चाचणी.' 'हॅलो, दिसतंय का?' 'आता?'

त्यांनी पान खाली सरकवून पाहिलं, पुढे काही नव्हतं. मग म्हणाल्या, "बावीस वर्षांत मी एवढंच बोलले का गं?"

मी हमालाला फोन लावला.

हमालानं पाहिलं आणि त्याचा आवाज आणखी मऊ झाला. चूक दुरुस्त होण्यासारखी होती, अर्ध्या तासाचं काम. पण नव्या होस्टिंगवर एवढी मोठी उलथापालथ करायची तर अ‍ॅडमिननं, म्हणजे फोरमच्या कारभाऱ्यानं, आत जाऊन परवानगीचं बटण दाबावं लागतं. आणि कारभारी म्हणजे नंबर दोन.

"नंबर दोन मीच की," जाऊबाई म्हणाल्या.

"होतात, काकू. आता तुम्ही एक. दोन नंबरवर कुणी 'वरपिता' म्हणून आहेत."

जाऊबाईंना आठवायला वेळ लागला नाही. फोरम सुरू झाला त्या पहिल्याच दिवशी हा माणूस आला होता. नाव वाचून त्याला वाटलं होतं इथे स्थळं टाकतात. त्यानं एकच प्रश्न विचारला होता, 'इथे मुलासाठी विवाहविषयक जाहिरात देता येते का?' उत्तराची वाटही न पाहता तो गेला, तो पुन्हा आला नव्हता.

आता आला. नव्या होस्टिंगनं नियमाप्रमाणे त्याला ईमेल पाठवली होती, की माननीय अ‍ॅडमिन, आपल्या फोरमवर एकशे बारा तक्रारी आपल्या निर्णयाची वाट पाहत आहेत. दुसरा कुणी असता तर ती ईमेल पुसून मोकळा झाला असता. पण हे गृहस्थ आयुष्यभर परीक्षा विभागात पर्यवेक्षक होते. कुणीतरी आपल्या निर्णयाची वाट पाहतंय हे वाचल्यावर त्यांना बसवेना. त्यांनी चष्मा पुसला आणि कारभार हाती घेतला.

आणि कारभार बरा चालला, हेच जाऊबाईंना जास्त लागलं. लोकांना त्यांच्या नावामागे बावीस वर्षांचं ज्ञान दिसत होतं. कुणी विचारलं, 'मशीन मध्येच टाके सोडतं', तर वरपिता लिहीत, 'घाई करू नका. पहिल्यापासून पुन्हा तपासा.' माणूस पहिल्यापासून तपासायचा, त्याला सुई वाकडी बसलेली दिसायची, तो हात जोडून आभार मानायचा. वरपित्यांना मशीनमधलं ओ की ठो कळत नव्हतं. पण परीक्षेला बसलेल्यांना काय सांगायचं ते पाठ होतं, आणि ते सगळीकडे लागू पडत होतं.

शेवटी न राहवून जाऊबाईंनी फोरमवर लिहिलं, 'हा फोरम माझा आहे. वरपिता यांनी कृपया संपर्क साधावा.'

पाच मिनिटांत उत्तर आलं. 'नवीन सदस्यांनी बोलण्यापूर्वी नियम वाचावेत. नियम क्रमांक चार: मोठेपणा मिरवू नये.'

"नियम चार मी लिहिलाय," जाऊबाई म्हणाल्या. "पोलादी सुईसाठी लिहिला होता."

खाली लोकांनी त्यांना समजावलं. कुणी म्हणालं, ताई, नवीन आहात, हळूहळू शिकाल. कुणी म्हणालं, आधी चाचणी चाचणी करून बघितलंत ते चांगलं केलंत. त्या रात्री भावजींनी दोनदा जेवायला हाक मारली, तरी त्या उठल्या नाहीत.

हमालानं नव्या होस्टिंगवाल्यांना विचारून पाहिलं. ते म्हणाले, आमच्या नोंदीप्रमाणे अ‍ॅडमिन वरपिता; त्यांनी सांगितलं तर पुढचं बघू. मग हमालानंच वरपित्यांना ईमेल लिहिली आणि त्यांनी पत्ता कळवला. माझी दवाखान्यातली पाळी संपल्यावर जाऊबाई मला घ्यायला आल्या. मी दाताच्या डॉक्टरांकडे नावं लिहून घ्यायला असते. आम्ही बसनं गेलो.

चौथा मजला, लिफ्ट बंद. दार उघडलं ते इस्त्रीच्या शर्टातल्या, उंच, पंचाहत्तरीच्या माणसानं. आमच्याकडे पाहण्याआधी त्यांनी घड्याळाकडे पाहिलं.

"वेळेवर आलात," ते म्हणाले. "बसा. तुमचा दावा असा, की माझ्या नावावरचं लिखाण तुमचं आहे."

"सगळं," जाऊबाई म्हणाल्या. "एक प्रश्न सोडून. तो जाहिरातीचा."

"तो मला आठवतो. बाकीचं आठवत नाही, हे मी मान्य करतो. पण माणूस वयानं विसरतो. मी लिहिलं नाही, असं मी छातीठोक कसं सांगू? आणि तुम्ही म्हणता म्हणून एवढ्या लोकांची जबाबदारी तुमच्या हाती कशी देऊ? गेला महिनाभर मी सगळं वाचून काढलंय. परीक्षा घेतो. चालेल?"

जाऊबाई म्हणाल्या, चालेल. त्यांनी जाऊबाईंना जेवणाच्या टेबलाशी बसवलं, त्यांची पिशवी उचलून खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवली, कोरे कागद दिले, आणि मला म्हणाले, "सोबत आलेल्यांनी बाहेरच्या खोलीत." मी बाहेर जाऊन बसले, पण दार उघडं होतं. त्यांनी प्रश्न वाचून दाखवले. ठकठक आवाजाची कारणे द्या. खालचा दोरा गुंततो तेव्हा काय कराल? टीप लिहा: तेल.

जाऊबाई आपल्या दुकानात गिऱ्हाइकाला तासन् तास सांगतात, पण लिहायला बसल्या आणि शाळेतल्या मुलीसारख्या पेनाचं टोक चावायला लागल्या. वरपिता टेबलाभोवती पाठीमागे हात बांधून फेऱ्या मारत होते. एकदा त्यांनी माझ्याकडेही पाहिलं, मी काही खुणा करत नाही ना म्हणून.

मग लाल पेन काढून त्यांनी पेपर तपासला. पहिली दोन उत्तरं झाली, मान हलली. तिसऱ्याला पेन थांबलं.

"तेल. तुम्ही लिहिलंय, महिन्यातून एकदा, तेही थेंबभर. फोरमवर स्पष्ट लिहिलंय, दर आठवड्याला, भरपूर."

"ते चुकीचं होतं."

"तुमचंच म्हणता आणि चुकीचंही म्हणता?"

"तेव्हा मी तिशीत होते, काका. तिशीत माणूस सगळ्यालाच जास्त तेल घालतं."

वरपिता खुर्चीत बसले. "पुढे एके ठिकाणी कमी घाला असंही आहे. मला ते सापडलं. आठवडाभर मी विचार करतोय, की यातलं माझं मत कुठलं." मग त्यांनी विचारलं, "मत कधी बदललंत?"

जाऊबाईंनी पेनाला टोपण लावलं. मग म्हणाल्या, "एक बाई लग्नाचा पोशाख शिवत होती. पांढरा. माझं वाचून तिनं मशीनला तेल पाजलं आणि ते सगळं त्या कापडावर उतरलं. ती तो पोशाख घेऊन दुकानात आली. काउंटरवर नुसता पसरून दाखवला. मी तो घरी नेऊन धुतला, सगळे डाग गेले नाहीत. हे मी फोरमवर कुठे लिहिलेलं नाही. नंतर नुसतं, कमी घाला, एवढंच लिहिलं."

मलाही हे ठाऊक नव्हतं. एकाच घरात राहून.

वरपित्यांनी पेपरावर काहीतरी लिहिलं, खाली रेघ मारली आणि उभे राहिले. "नापास," ते म्हणाले. "आणि म्हणून लिखाण तुमचं आहे."

"म्हणजे?"

"बाई, मी आयुष्यभर कॉपी करणारे पकडले. कॉपी करणाऱ्याचं उत्तर पुस्तकाशी शब्दाला शब्द जुळतं. तुम्ही तोतया असतात तर आठवड्याला भरपूर असंच लिहिलं असतंत. तुमचं जुळत नाही. स्वतःचं लिहिलेलं खोडायची हिंमत मालकालाच असते." त्यांनी कॉम्प्युटर उघडला, दोनदा चष्मा पुसला आणि परवानगीचं बटण दाबलं. मग जाऊबाईंना पिशवी परत आणून दिली.

निघताना जाऊबाईंनी विचारलं, "मुलाचं लग्न झालं का हो?"

"झालं," ते म्हणाले. "दोनदा."

हमालानं दुसऱ्या दिवशी सकाळी चाचणीला परत त्याच्या जागेवर बसवलं आणि सगळे आपापल्या खुर्चीत आले. हमाल घरी येऊन माफी मागत होता, तर भावजींनी त्याला बसवून चहा पाजला आणि म्हणाले, "तुझ्यामुळे आमच्या घरात बऱ्याच दिवसांनी कुणाची तरी परीक्षा झाली." तो हसला की नाही ते कळलं नाही.

फोरमवर मात्र सगळं जुनं तसं झालं नाही. महिनाभर लोक कच्चा दोरा बाईंना मोठ्या जाणकार समजून प्रश्न विचारत होते. ते माझं लिखाण नाही, हे सांगायचीही त्यांना भीड वाटली. म्हणून त्यांनी पोलादी सुईंचं एकूण एक लिखाण वाचलं आणि त्यातून उत्तरं द्यायला लागल्या. आता नाव परत गेलं, तरी उत्तरं काही थांबली नाहीत. परवा त्यांनी पोलादी सुईंनाच सांगितलं, की माफ करा, पण पट्ट्याबद्दल तुमचं चुकतंय, तुम्हीच पूर्वी वेगळं लिहिलंय. संध्याकाळी पोलादी सुईंनी लिहिलं, 'बरोबर.' फोरमच्या इतिहासात त्यांनी तो शब्द पहिल्यांदाच वापरला असावा. लोकांनी त्याखाली इतकी अभिनंदनं केली, की त्यांनी ती तक्रार म्हणून नोंदवली.

आणि वरपिता. कारभार गेल्यावर त्यांच्या नावाखाली पुन्हा तो एकच प्रश्न उरला. त्याच संध्याकाळी जाऊबाईंनी बावीस वर्षांनी त्याला उत्तर दिलं, 'जाहिरात देता येत नाही. पण आपण राहावं.' आणि तक्रारींचं खातं त्यांच्याकडे सोपवलं.

ते राहिले. नुसते राहिले नाहीत, तर महिन्याभरात त्यांनी सुचवलं, की नव्या सदस्यांची एक छोटी परीक्षा घेऊ, म्हणजे तेच तेच प्रश्न कमी होतील. जाऊबाई म्हणाल्या, अजिबात नको, लोक पळून जातील. शेवटी परीक्षा जाहीर झाली, तर पहिल्याच दिवशी इतक्या जणांनी नावं दिली, की हमालाला जागा वाढवून घ्यावी लागली. जुन्या सदस्यांनीही दिली. दगदग झेपत नाही म्हणणारे ते गृहस्थ पहिल्या बाकावर बसायला मिळेल का विचारत होते.

आता रोज संध्याकाळी वरपित्यांशी फोनवर प्रश्नपत्रिका ठरते. जाऊबाई म्हणतात, थोडक्यात उत्तरं पुरेत. पलीकडून आवाज येतो, निबंध हवाच. जाऊबाई म्हणतात, बॉबिनवर कुणी निबंध लिहितं का. पलीकडून काय सांगतात ते ऐकू येत नाही, पण जाऊबाई फोन कानाला तसाच धरून स्टूल ओढतात आणि बसून घेतात. मी भावजींचं पान वाढते. ते जेवायला बसतात, आतल्या खोलीकडे एकदा बघतात आणि मला म्हणतात, "दार लोटून घे. पेपर फुटेल."